यादीत आहे, पण हाताशी आहे का?

परवा शुक्रवारी हापिसातून निघता निघता एका मित्राची मेल आली. विषय: 'जरा नजर टाक'. सोबत एक एक्सेल शीट. या मित्राने तिघांच्या भागीदारीत एक जुनी, सव्वीस फुटी शिडाची बोट घेतली आहे आणि येत्या जानेवारीत ती मुंबईहून गोव्याला न्यायचा त्याचा बेत आहे. सोबत बायको, मेव्हणा आणि मी (म्हणजे मी 'हो' म्हटलं तर). शीटमध्ये आणीबाणीच्या सामानाची यादी होती. एकूण ६१ ओळी, प्रत्येकीसमोर किंमत आणि शेवटच्या रकान्यात हिरवा रंग. हिरवा म्हणजे घेतलं. खाली एकच वाक्य: "सगळं झालंय रे, आता तरी येणार ना?"

शनिवार त्या यादीवर गेला आणि रविवारी उत्तर लिहायला बसलो. ते इतकं लांबलं की म्हटलं चला, या विकांताचा लेख हाच.

आधीच सांगतो, मी काही दर्यावर्दी नाही. गेली चार वर्षं ऑक्टोबर ते मे, जमेल त्या रविवारी मुंबईच्या बंदरात शिडाच्या बोटी चालवायला जातो, एवढंच. उरलेला आठवडा सर्व्हर सांभाळतो. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या बॅकअपवरून डेटा कधी परत आणून पाहिलेला नाही, तो बॅकअप नव्हे. ती डिस्कवरची जागा खाणारी एक फाईल. बोटीवरच्या सुरक्षेच्या सामानाबद्दल माझं मत साधारण हेच आहे. जी वस्तू अंधारात, ओल्या हाताने, एका हाताने काढून वापरता येत नाही, ती यादीत असली तरी बोटीवर नाही असंच समजावं.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आलं.

दुपारचा वायव्येचा वारा होता, छान, अंगावर न येणारा. लाटा फूट-दोन फूट. आम्ही पाच जण आणि सोबत एक अनुभवी नाखवा. माणूस पाण्यात पडला तर काय करायचं याचा सराव करायचा होता. माणसाच्या जागी फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवतात तो फुगीर लोड. तो वाऱ्याने फार पळू नये म्हणून त्याला खाली एक बादली बांधली. या सरावात एकाने फक्त एकच काम करायचं असतं: पडलेल्या माणसाकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही. ते काम माझ्याकडे होतं. (बोटीवर बोट दाखवायचं काम. हा विनोद त्या दिवशी सगळ्यांनी करून झाला आहे.)

फेंडर पाण्यात पडला, आरडाओरडा झाला, बोट वळायला लागली. तेवढ्यात पुढच्या शिडाचा दोर अडकला. माझ्या पायाशीच होता, म्हणून मी वाकून तो सोडवला. पाच सेकंद लागले असतील. मान वर केली तर फेंडर नव्हता.

हिशोब सोपा आहे. पाच नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. दर सेकंदाला अडीच मीटर, मिनिटाला दीडशे मीटर. वळायला, शिडं सावरायला, कोण काय करतंय यात दीड मिनिट सहज जातं. दोनशे मीटरवर फूटभर लाटेत एक बादली आणि लोड. आम्ही चाळीस मिनिटं शोधलं. ऊन होतं, हवा स्वच्छ होती, समोर गेटवे दिसत होतं. फेंडर सापडला नाही. नाखवा एवढंच म्हणाले, "माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं रे पाण्यात. आणि इथे नारळ किती तरंगतात बघ."

खरोखरच पूजेचे दोन नारळ तरंगत होते.

परत आल्यावर मी त्या बोटीचे कप्पे उघडून पाहिले. नियमाप्रमाणे सगळं होतं. आठ लाइफ जॅकेटं होती, मूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, जादा शिडाखाली, आणि शिडावर बर्फाची पेटी. पाण्यात फेकायची कडी मागच्या कठड्याला तीन गाठी मारून बांधलेली (चोरीला जाऊ नये म्हणून), आणि तिच्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. तपासणीला कुणी आलं असतं तर बोट पहिल्या झटक्यात पास झाली असती. आणि आमच्यापैकी कुणाच्याही अंगात जॅकेट नव्हतं, कारण काय, तर "बंदरातच तर आहोत".

असो. ही झाली आमची हौशी मंडळींची गोष्ट. आता खऱ्या माणसाची.

अभिलाष टॉमी हे नाव बहुतेकांना माहीत असेल. नौदलाचे माजी अधिकारी. २०१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय. २०१८ मध्ये ते 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. त्यांची 'तुरीया' ही बोट गोव्यातल्या ज्या गोदीत बांधली गेली, तिथेच आपल्या दिलीप दोंदेंची 'म्हादेई'ही बांधली गेली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात ही बोट उलटून पुन्हा सरळ झाली. डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यांना उठता येत नव्हतं.

हा माणूस हौशी नव्हता. शर्यतीचे नियम कडक, सामानाची तपासणी कडक. बोटीवर एक जादा सॅटेलाइट फोन होता, हातातला रेडिओ होता. दोन्ही 'ग्रॅब बॅग'मध्ये, म्हणजे बोट सोडायची वेळ आली तर झटकन उचलायच्या पिशवीत, व्यवस्थित भरून ठेवलेले. फक्त ती पिशवी होती तिथपर्यंत पोचणं आता त्यांना शक्य नव्हतं. चालू असलेला फोन निकामी झाला होता. हाताशी उरलं ते उपग्रहामार्फत लिखित संदेश पाठवणारं एक छोटं यंत्र. त्यावरून त्यांनी आपली अवस्था कळवली. संकटसंदेश देणारा बीकन चालू झाला होताच. नौदलाचं विमान त्यांच्यावरून फिरून गेलं आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच मासेमारी-गस्ती नौकेच्या लोकांनी त्यांना बोटीवरून उतरवलं. (ते बरे झाले, पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. अशा माणसांबद्दल आपण फक्त गप्प बसावं.)

मी ही गोष्ट टॉमींची चूक दाखवायला सांगत नाहीये. मुद्दा असा की इतक्या तयारीच्या माणसाच्या बोटीवरसुद्धा 'आहे' आणि 'हाताशी आहे' यात काही फुटांचं अंतर होतं, आणि मोडलेल्या पाठीला ते काही फूट पार करता आले नाहीत. आपल्या बोटीवर तर हे अंतर बर्फाच्या पेटीइतकं आणि जादा शिडाइतकं असतं.

म्हणून मित्राला माझं पहिलं म्हणणं: ६१ ओळींची यादी नको, क्रम हवा. त्याच्या यादीत पहिली ओळ लाइफ राफ्टची होती, कारण ती सगळ्यात महाग. माझ्या क्रमात ती शेवटी येते. कशी ते सांगतो.

सर्वात आधी येतं बोटीवरून न पडणं. त्यासाठी लागतो पट्टा: अंगातल्या जॅकेटला एक टोक, दुसरं टोक बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डेकवर ताणून बांधलेल्या पट्टीला. रात्री वर यायचं तर दारातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी अडकवायचा. लांब पट्टा साधारण दोन मीटरचा, आखूड एक मीटरचा. लांब पट्टा कडेला अडकवला तर तुम्ही बोटीला बांधलेले असता खरे, पण पाण्यात. पाच नॉटने ओढलं जाताना तोंड पाण्याबाहेर ठेवणं सोपं नाही. म्हणून आखूड पट्टा आणि शक्यतो बोटीच्या मध्याकडे अडकवणं. हूक कुठे आणि कसा बसतोय हेही पाहायचं. २०१७ मध्ये जगप्रदक्षिणेच्या 'क्लिपर' शर्यतीत एक खलाशी पट्टा लावलेला असूनही पाण्यात गेला आणि वाचला नाही. ब्रिटिश चौकशीत निघालं की हूक डेकवरच्या एका खुंटीखाली अडकून त्याच्यावर आडवा ताण आला होता, त्यामुळे तो वाकून सुटला. म्हणजे पट्टा होता, लावलेला होता, तरीही. मग न लावलेल्या पट्ट्याबद्दल काय बोलायचं?

आणि पुरुषमंडळींसाठी एक नाजूक मुद्दा. रात्री बोटीच्या कडेला उभं राहून लघवी करायची नाही. एक हात कामात, दुसरा अर्धवट कठड्याला, डोळ्यांत झोप. बादली वापरा. यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट तरंगत राहण्याची. जॅकेट. मित्राच्या यादीत 'जॅकेट – ४ – हिरवं' एवढंच होतं. कुठलं जॅकेट? ५० न्यूटनचं असेल तर ते पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि काठाजवळच्या माणसासाठी. खुल्या समुद्रासाठी १५० न्यूटनचं, म्हणजे साधारण पंधरा किलोचा उचल देणारं, जे बेशुद्ध माणसालाही पाठीवर वळवायला बनवलेलं असतं. फुगणारं असेल तर आत गॅसची नळकांडी असते. ती हळूहळू सैल होते. वर्षातून दोनदा पिळून घट्ट करायची आणि काढून किचनमधल्या डिजिटल काट्यावर तोलायची. भरलेलं वजन नळकांडीवरच छापलेलं असतं. पाण्याने विरघळणाऱ्या गोळीवर आपोआप फुगणारं जॅकेट मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलं, तर दमट हवेत ते एखाद्या रात्री स्वतःच फुगतं. घरच्यांना वाटतं चोर शिरला. (अनुभवाचे बोल.) आणि जांघेतून घ्यायचा पट्टा लावायचाच. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्याच्यातून खाली. दिसायला बावळट दिसतं, मान्य. त्याचबरोबर शिट्टी आणि दिवा. नारळाला दिवा लावला तर तो दिसतो.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. पंधरा जण गेले. ते शिडाच्या बोटीतले नव्हते, बहुतेक आपल्यासारखेच सहलीला निघालेले होते, आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जागा तीच, जिथे आम्ही "बंदरातच तर आहोत" म्हणालो होतो. एवढं पुरे.

तिसरी गोष्ट, बोट तरंगती ठेवणं. इथे पुन्हा थोडा हिशोब. बोटीच्या तळाला पाण्याच्या नळांसाठी भोकं असतात. त्यातला चार सेंटिमीटरचा एक पाइप पाण्याखाली अर्ध्या मीटरवर निखळला, तर मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. सोसायटीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात मिनिटांत भरेल. मित्राने बॅटरीवर चालणारा महागडा पंप घेतलाय, उत्तम. पण पाणी आधी बॅटरीपर्यंत पोचतं. उपाय काय, तर प्रत्येक भोकाशेजारी, त्या त्या मापाचं, निमुळतं मऊ लाकडाचं बूच दोरीने बांधून ठेवायचं. किंमत किरकोळ. यादीत बूच होतं. ओळ ४७, 'लाकडी बुचं, १ संच, पिशवीत'. पिशवी कुठे आहे विचारल्यावर तो म्हणाला, "घरी. बोटीवर नेली की हरवतात."

त्याखेरीज एक हाताने चालवायचा पंप, दोन मजबूत बादल्या, डोलकाठी पडली तर तिच्या तारा तोडायला मोठी कात्री (लोंबकळणारी डोलकाठी प्रत्येक लाटेबरोबर बोटीच्या अंगावर आपटत राहते, ती सोडून द्यावी लागते), आणि सुकाणूपाशी म्यानात अडकवलेली एक धारदार सुरी. कोकणच्या किनाऱ्याने रात्री जाताना मासेमारीची जाळी लागतातच. इंजिनाच्या पंख्यात जाळं गुंडाळलं की सुरी स्वयंपाकघराच्या खणात शोधत बसायला वेळ नसतो.

आता चौथी गोष्ट, सापडणं. यात मित्राने सगळ्यात जास्त पैसे घातले आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळही. रेडिओचा सोळा नंबरचा चॅनल सगळ्यांना ठाऊक असतो. पण मोठ्या रेडिओची अँटेना डोलकाठीच्या टोकावर असते, म्हणजे डोलकाठी गेली की रेडिओही गेला. म्हणून हातातला, पाण्यात चालणारा रेडिओ हवा आणि तो सुकाणूवर बसलेल्याच्या अंगावर हवा. किनाऱ्याजवळ मोबाईलला रेंज असेपर्यंत तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. तो चौघांच्याही फोनमध्ये साठवलेला हवा, फक्त कप्तानाच्या नाही.

मग तो बीकन, ज्याला ईपर्ब म्हणतात. एक बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश जातो आणि किमान ४८ तास जात राहतो. आपल्याकडे हे संदेश बेंगळुरूच्या केंद्रात उतरतात आणि तिथून शोध आणि बचाव करणाऱ्यांकडे जातात. मित्राने सेकंडहँड घेतलाय, परदेशी बोटीवरचा. हिरवी ओळ. पण प्रत्येक बीकनमध्ये देशाचा आणि बोटीचा सांकेतिक क्रमांक भरलेला असतो. हा बटण दाबेल गुहागरसमोर आणि बचाववाले चौकशीचा फोन करतील सातासमुद्रापलीकडच्या जुन्या मालकाला. तो म्हणेल, माझी बोट तर विकून झाली. शोध होईलही, पण आत कोण आहेत, किती आहेत, बोट कुठल्या रंगाची, हे सांगणारं कुणी नाही. क्रमांक बदलून घेणं, स्वतःच्या नावाने नोंदणी आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर देणं, हे झाल्याशिवाय ती ओळ लाल. आणि बीकन फारच जुना असेल, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा, तर उपग्रहांनी तो ऐकणं १ फेब्रुवारी २००९ लाच बंद केलं. शोभेची वस्तू म्हणून ठेवावा.

आणखी एक. इंटरनेटवरच्या बहुतेक परदेशी याद्यांत सॅटेलाइट फोन असतो. आपल्याकडे परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं गुन्हा आहे. मित्राच्या यादीत तो हिरवा नव्हता, पिवळा होता, म्हणजे 'चुलतभाऊ घेऊन येतोय'. त्याला म्हटलं, भावाला आधी विमानतळावरून सोडवून आणावं लागेल.

लाल दिव्यांबद्दल म्हणजे फ्लेअर्सबद्दल थोडक्यात. उंच जाणारा रॉकेट फ्लेअर तीनशे मीटर वर जाऊन चाळीसेक सेकंद जळतो, हातातला सुमारे मिनिटभर. म्हणजे समोर जहाज दिसत असताना वापरायची चीज आहे, मनाच्या समाधानासाठी उडवायची नाही. हातातला फ्लेअर बोटीच्या वाऱ्याकडे पाठ असलेल्या बाजूने बाहेर धरायचा, नाहीतर ठिणग्या आपल्याच अंगावर, आपल्याच राफ्टवर. यांना मुदत असते, बहुधा तीनेक वर्षांची. मित्राचे सहापैकी चार मुदत उलटलेले. आणि सहाही कसे उडवायचे ते त्याने वाचलेलं नाही. "दिवाळीत काय कमी फटाके उडवलेत?" असं त्याचं म्हणणं. प्रत्येक कंपनीची उडवायची पद्धत वेगळी असते बाबा. टोपी कुठल्या बाजूची काढायची हे अंधारात शोधायचं नसतं.

शेवटी राफ्ट. इथे वाद होणार हे मला ठाऊक आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

ऑगस्ट १९७९ मधली 'फास्टनेट' शर्यत. ३०३ बोटी निघाल्या, वादळात सापडल्या, शर्यतीतले १५ जण गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या. बुडाल्या किती? पाच. चौकशी अहवालातली एक नोंद वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो. सात जणांचे मृत्यू राफ्टशी संबंधित घटनांमध्ये झाले, आणि त्या सातांनी ज्या बोटी सोडल्या त्या नंतर तरंगताना सापडल्या. ओढून बंदरात आणल्या. माणसं घाबरून मोठ्या, तुंबलेल्या पण तरंगत्या बोटीतून छोट्या रबरी बोटीत गेली आणि ती त्या समुद्रात टिकली नाही.

दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२२, दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला, फिनलंडचे टापिओ लेह्तिनेन झोपेतून उठले तर बोटीत पाणी. काही मिनिटांत डेक पाण्याला टेकला. बोट गेली. ते राफ्टमध्ये होते म्हणून वाचले. सुमारे चोवीस तासांनी त्यांच्याच शर्यतीतल्या कर्स्टन नॉयशेफर यांनी मार्ग बदलून त्यांना उचललं (आणि पुढे ती शर्यत जिंकली).

म्हणजे राफ्ट हवी की नको? महासागर ओलांडायचा तर हवीच, यात चर्चा नाही. मुंबई–गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, पाच नॉटने दोन रात्री, किनारा बहुतेक वेळ टप्प्यात. तिथेही असली तर चांगलीच, पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली, आणि बाकी चार गोष्टी झाल्यानंतर. राफ्टला पैसे आहेत पण पट्टे घ्यायचे राहिलेत, हा क्रम मला मान्य नाही. आणि राफ्टमध्ये जायचं ते बोट खरोखर पायाखालून जातेय तेव्हाच.

आता या सगळ्यापेक्षा मोठी त्रुटी. ती यादीत शोधून सापडणार नाही, कारण ती वस्तू नाही. मी त्याला शनिवारी फोनवर विचारलं, "बीकन कुठे आहे हे वहिनींना माहीत आहे?" तो म्हणाला, "तिला कशाला घाबरवू? मी आहे ना."

आमच्या धंद्यात याला नाव आहे. एखादी सिस्टिम एकाच माणसाला कळत असेल, तर तो माणूस उद्या बसखाली आला तर काय, असं विचारतात. बोटीवर बस लागत नाही. पुढे जाऊन शीड सोडवायला कोण जाणार? ज्याला येतं तो. लाट आली तर कोण पडणार? तोच. मग बोटीवर उरतात बायको, मेव्हणा आणि मान वळवणारा मी. इंजिन चालू करणं, शीड खाली घेणं, रेडिओचं लाल बटण पाच सेकंद दाबून धरणं, ठिकाण सांगणं, आणि ऐंशी किलोचा भिजलेला माणूस पाण्यातून वर काढणं, हे त्यांना यायला हवं. ते येत नसेल तर ६१ ओळी म्हणजे ६१ ओळींचं सामान, आणि सामानाने बोट जड होते.

यावर नेहमीचे आक्षेप. एक, "एवढा विचार केला तर माणूस घराबाहेर पडणार नाही." उलट आहे. माझा अनुभव असा की दोरात अडकलेला पट्टा, जांघेतली ती बावळट पट्टी, यांची सवय झाली की समुद्राकडे बघायला डोकं मोकळं राहतं. दोन, "कोळी बांधव कुठे हे सगळं घालतात?" खरंय, बरेच जण घालत नाहीत. पण त्यांनी चाळीस वर्षांत कमावलेलं आपण रविवारच्या चार तासांत कमावलेलं नाही. आणि नाखव्यांना विचारून पाहा, दर्याने घरातलं कुणी नेलं आहे का. मी विचारलंय. त्यानंतर तो आक्षेप मी घेत नाही.

तर मित्राला उत्तर पाठवलं ते असं. शीटमधला 'घेतलं' हा रकाना काढ. त्याजागी तीन रकाने घाल: कुठे ठेवलंय, शेवटचं कधी वापरून पाहिलं, आणि तुझ्याशिवाय कुणाला वापरता येतं. तिन्ही भरले तर हिरवं. आणि माझी येण्याची अट एकच: जानेवारीच्या आधी वहिनींनी फेंडर परत आणून दाखवायचा. तू खाली केबिनमध्ये गप्प बसायचंस. तू पडलेला आहेस.

रात्री उशिरा नवी शीट आली. ६१ च्या ४४ ओळी झाल्या होत्या. हिरव्या नऊ. आणि खाली वेगळ्याच हाताने लिहिलेली एक ओळ: "बुचं सापडली, माळ्यावर होती. पुढच्या रविवारी ह्याला पाण्यात टाकते आहे. याल ना?" (फेंडरबद्दलच म्हणत असाव्यात. ह. घ्या.)

जाणार आहे. बोट दाखवायचं काम मी मागून घेतलंय. दोर कुणाच्या पायाशी अडकला तर तो दुसऱ्याने सोडवावा.